देवळाच्या हॉलचे १८ मीटरचे बीम – माझा अनुभव

आमच्या गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका गावात देवळाच्या बाजूला हॉल बांधायचा होता, आणि देवस्थान समितीची अट एकच. मीटिंगमध्ये एक म्हातारे काका उठून म्हणाले, "मदीं खांबो नाका", म्हणजे मधे खांब नको. कारण जत्रेला, काल्याला तिथे रात्रभर नाटक होणार आणि जुन्या मंडपात खांबाच्या मागे बसलेल्या माणसाला अर्धं स्टेज दिसायचं नाही, हे सगळ्या गावाचं वर्षानुवर्षांचं दुखणं. मी स्वतः लहानपणी तसा खांबाला टेकून मान वाकडी करून नाटकं बघितली आहेत, त्यामुळे ती अट मला लगेच पटली. हॉलची रुंदी १८ मीटर, वर स्लॅब पाहिजे (पुढेमागे वर पंगत बसवता यावी म्हणून), म्हणजे पत्र्याचा ट्रस बाद. साध्या आरसीसीत १८ मीटरचा बीम करायचा तर खोली दीड मीटरपर्यंत जाते आणि खाली हेडरूम राहत नाही.

ऑफिसमध्ये माझे सीनियर, त्यांना आम्ही सगळे भाईच म्हणतो, ते म्हणाले पोस्ट टेन्शनिंग कर (प्रीस्ट्रेसचाच प्रकार, काँक्रीट पिकल्यावर त्यातून नेलेल्या केबल ताणायच्या), तूच कर, मी तपासतो. मी तोवर फक्त आरसीसी केलेलं. कॉलेजमध्ये हा विषय होता, पास पण झालेलो, पण पेपर लिहिणं वेगळं आणि आपल्या हिशोबावर ५ बीम उभे राहणार हे वेगळं. पहिली २ रात्री मला झोप नीट लागली नाही हे खरं आहे.

आधी मूळ गोष्ट सांगतो कारण ती कळली नाही तर पुढचं सगळं फॉर्म्युले पाठ करण्यासारखं होतं. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. आरसीसीत आपण काँक्रीटला तडकू देतो आणि मग सळी काम करते. प्रीस्ट्रेसमध्ये आपण लोड यायच्या आधीच केबल ताणून काँक्रीटला दाबून ठेवतो, म्हणजे लोड आला की तो ताण आधी हा साठवलेला दाब खाऊन टाकतो. ऐकायला सोपं, पण सुरुवातीला लोकांनी साध्या सळ्या ताणून हे करून बघितलं आणि काही महिन्यांत सगळा दाब गायब. काँक्रीट आकसतं आणि सतत दाबाखाली हळूहळू आखूड होत जातं (श्रिंकेज आणि क्रीप), आणि ते आखूड झालं की सळी पण सैल पडते. हिशोब करून बघा, दोन्ही मिळून ०.०००७ स्ट्रेन (मूळ लांबीच्या मानाने आखूड होणं) धरला तर स्टीलमध्ये १४० एमपीएच्या (ताण-दाब मोजायचं एकक) आसपास ताण कमी होतो, आणि साधी सळी मुळात तेवढीच ताणलेली! फ्रान्सच्या युजीन फ्रेसिने यांनी हे ओळखलं की मग स्टीलच असं घ्यायचं जे खूप जास्त ताणता येईल, आणि १९२८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आमचा स्ट्रँड (तारांचा पीळ, असे काही मिळून एक केबल) १२.७ मिमीचा, १८६० एमपीएला तुटणारा, तो १३९५ ला ताणायचा, त्यातून १४० गेले तरी बिघडत नाही. हे एक गणित मी स्वतःच्या हाताने केलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आता जमेल.

आता डिझाइन. बीम ४०० बाय १००० मिमी, ४ मीटर अंतरावर, वर १३० मिमीचा स्लॅब. बीमचं वजन मीटरला १० किलोन्यूटन, स्लॅबचं १३, वॉटरप्रूफिंग आणि फरशी ८, लाइव्ह लोड (माणसांचा वगैरे) ६, टोटल ३७. १८ मीटरला मोमेंट (बीमला वाकवणारा जोर) येतो साधारण १५०० किलोन्यूटन मीटर. समजायला सोपं म्हणून मी आधी नुसता आयत धरला (नंतर स्लॅब धरून टी सेक्शनने परत केलं, आकडे सुधारतातच). तर तळाला ताण येतो २२.५ एमपीए. केबल मध्यावर सेंटरपासून ३५० मिमी खाली, टोकांना सेंटरवर, मधे पॅराबोला. लॉस (घर्षण, श्रिंकेज, क्रीप वगैरेंनी केबलचा कमी होणारा जोर) २० टक्के धरले तर एका स्ट्रँडमागे ११० किलोन्यूटन हाताला लागतात.

इथे मी चुकलो. मी ६ स्ट्रँडच्या ५ केबल घातल्या, म्हणजे ३० स्ट्रँड. तळाला ताण शून्य, उलट ३ एमपीए दाब शिल्लक. मी खूश, आरसीसीची सवय, सळी जास्त म्हणजे बीम जास्त सेफ. कागद भाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी पेनाने एकच गोल काढला आणि विचारलं, "ज्या दिवशी केबल ताणणार त्या दिवशी बीमवर काय असणार?" मी म्हटलं काही नाही, नुसता बीम. "मग त्या दिवसाचा हिशोब कुठे आहे?"

तो हिशोब मी केलाच नव्हता. जागेवर बसून केला. त्या दिवशी लॉस पण झालेले नसतात, म्हणजे केबलचा जोर सगळ्यात जास्त, साधारण ३८०० किलोन्यूटन, आणि वरून दाबायला फक्त बीमचं स्वतःचं वजन. सरळ दाब ९.५, केबल खाली असल्यामुळे वरच्या कडेला ताण २०, स्वतःच्या वजनाचा दाब ६. बेरीज करा, वरच्या कडेला ४.४ एमपीए ताण, आणि तो सुद्धा अजून पूर्ण पिकलेलं नाही अशा काँक्रीटवर. बीम वरून तडकला असता. पूर्ण लोडखाली ठणठणीत आणि रिकामा असताना तडकणारा बीम मी काढून आणला होता. आरसीसीत आपण सगळ्यात वाईट दिवस म्हणून हॉल गच्च भरलेला दिवस धरतो, इथे सगळ्यात वाईट दिवस हॉल बांधायच्या आधीच येऊन जातो. प्रीस्ट्रेस शिकणाऱ्या कुणालाही मी हेच आधी सांगेन, ट्रान्सफरचा (केबल ताणायच्या दिवसाचा) हिशोब पहिला करा, सर्व्हिसचा (वापरातल्या पूर्ण लोडचा) नंतर.

मग ४ केबल केल्या, २४ स्ट्रँड. पूर्ण लोडला तळाशी २ एमपीएच्या आसपास ताण येतो, तो आयएस १३४३ (प्रीस्ट्रेसचा भारतीय कोड) च्या टाइप २ मध्ये बसतो, म्हणजे थोडा ताण चालतो पण तडा दिसता कामा नये, तिथे ३ पर्यंत चालतो. आणि ताणायचं दोन टप्प्यांत, नुसत्या बीमवर २ केबल, स्लॅब टाकून पिकला की उरलेल्या २. पहिल्या टप्प्यात वरच्या कडेला आता १.९ दाब. त्यानंतर भाईंनी मला लोड बॅलन्सिंगने परत बघायला सांगितलं. टी. वाय. लिन यांची ती पद्धत, पॅराबोला केबल म्हणजे बीमला खालून वर उचलणारा एकसारखा लोड, ८ गुणिले केबलचा जोर गुणिले मध्यावरचं सेंटरपासूनचं अंतर (आमचं ३५०), भागिले स्पॅनचा वर्ग. केलं तर आलं मीटरला २२.८ किलोन्यूटन. आणि बीम अधिक स्लॅबचं वजन २३! म्हणजे स्लॅब टाकल्यावर बीमला जवळजवळ वाकायचं कारणच उरत नाही, तो सरळ राहणार. मी तो आकडा ३ वेळा तपासला, इतका आनंद झाला होता.

शिअर, अल्टिमेट मोमेंट, टोकाला अँकरच्या (केबल जिथे लॉक होते तो भाग) मागे काँक्रीट फुटू नये म्हणून स्पायरल आणि रिंगा, हे सगळं केलं, त्यात नवीन शिकण्यासारखं कमी होतं, फक्त टोकाला सळ्यांची एवढी गर्दी होते की सुई (व्हायब्रेटरची) जायला जागा ठेवा, नाहीतर अँकरच्या मागे पोकळ राहील.

साइटवर खरी परीक्षा. ड्रॉइंगमध्ये दर मीटरला केबलची उंची दिलेली, मी टेप घेऊन प्रत्येक सपोर्ट बार स्वतः मोजला, कारण मध्यावर केबल २० मिमी वर बसली तर वर केलेला हिशोब कागदावरच राहतो. शीथ (केबल जिच्यातून जाते ती नळी) एचडीपीई प्लास्टिकची घेतली, घर्षण कमी आणि गंजत नाही.

ताणायचा दिवस. जॅक आणि पंप बाहेरून आलेला, ऑपरेटर अनुभवी माणूस. आधी थोडं प्रेशर देऊन स्ट्रँडमधला ढिलेपणा काढायचा, मग स्ट्रँडवर रंगाने खूण करायची, आणि प्रेशरच्या प्रत्येक टप्प्याला केबल किती मिलिमीटर बाहेर आली ते मोजायचं. गेज सांगतो जोर किती, लांबी सांगते तो जोर आतपर्यंत पोचला की नाही, दोन्ही जुळले तरच पुढे. माझ्या हिशोबाने १८.६ मीटर केबलला घर्षण धरून १२९ मिमी यायला पाहिजे. पण आलेल्या कॉइलच्या टेस्ट सर्टिफिकेटवर स्ट्रँडचा एरिया ९९.५ चौरस मिमी आणि ई (स्टील किती ताठ आहे तो आकडा) १९८ जीपीए होता, मी धरलेला ९८.७ आणि १९५, म्हणून सुधारून १२६. ५ टक्के इकडेतिकडे, म्हणजे १२० ते १३२. हे दुरुस्त करायला बरेच जण विसरतात आणि मग साइटवर उगीच वाद होतो.

पहिला बीम १२४, १२७. दुसरा १२५, १२५. दुसऱ्या बीमची दुसरी केबल लॉक झाली तेव्हा आमच्या मुकादमाने मला हाक मारली, खाली बसून दाखवलं, बीमचा तळ आणि शटरिंगच्या प्लायच्या मधून त्याने सिमेंटच्या गोणीचा कागद इकडून घालून तिकडून काढला. मीटरला १० किलोन्यूटन वजनाचा बीम स्वतःहून प्लाय सोडून वर उचलला गेलेला. हिशोबात ४ मिमी होतं, लेव्हलवर ३ आलं. मी तिथेच मातीत बसून राहिलो थोडा वेळ.

तिसऱ्या बीमची दुसरी केबल मात्र पूर्ण प्रेशरला १०९ वर थांबली. ऑपरेटर म्हणाला अजून थोडं प्रेशर देऊ, येईल. तो वाईट हेतूने नव्हता म्हणत, पण आम्ही आधीच स्ट्रँडच्या तुटायच्या ताकदीच्या ७५ टक्क्यांवर, कोडची मर्यादा ७६. आणि प्रश्न जोराचा नव्हताच, जोर आत कुठेतरी अडकत होता. मी थांबवलं, भाईंना फोन केला, ते म्हणाले बरोबर केलंस, सोडवून घे. केबल ढिली केली, शीथमधून पाणी मारलं तर दुसऱ्या टोकाने पांढरट गढूळ पाणी आलं. काँक्रीट टाकताना कुणाच्या तरी सुईने जॉइंटची टेप फाडलेली, स्लरी आत शिरलेली. पाणी आणि हवा आलटून पालटून मारली, केबल दोन्हीकडून मागेपुढे ओढली, मग पलीकडच्या टोकाने ताणली. १२३. त्या कॉन्ट्रॅक्टरने मग पुढच्या कामात काँक्रीट झाल्यावर त्याच संध्याकाळी प्रत्येक केबल हलवून बघायची पद्धत सुरू केली, ती आम्हीच आधी लिहून द्यायला पाहिजे होती, आता ड्रॉइंगवर नोट असते.

दुसरा टप्पा मेच्या शेवटी झाला, आणि आभाळ भरून यायला लागलेलं. ग्राउटिंग (शीथमध्ये सिमेंटचा घोल भरणं) पावसाआधी व्हायलाच पाहिजे असं मी हट्टाने धरून बसलो. समितीतले एक जण म्हणाले एवढी घाई कशाला, बीम तर उभे आहेत. मी त्यांना मांडवीच्या जुन्या पुलाची आठवण करून दिली. ५ जुलै १९८६, पूल जेमतेम दीड दशक वापरलेला, आणि नदीत कोसळला, त्यात केबलना लागलेला गंज होता. त्यांना ते दिवस आठवत होते, पणजीला जायला फेरीबोटीच्या रांगा. आरसीसीत सळी गंजली की बाहेर डाग पडतो, काँक्रीट फुगतं, आपल्याला कळतं. इथे ताणलेला स्ट्रँड शीथच्या आत बाहेरून न दिसता गंजतो. आपल्या गोव्याच्या हवेत शीथमध्ये पाणी राहणं म्हणजे धोकाच. मग कुणी काही बोललं नाही. पाणी सिमेंट रेशो ०.४५ च्या आत, पलीकडच्या व्हेंटमधून (हवा बाहेर जायच्या नळीतून) आत जातो तसाच घट्ट ग्राउट बाहेर येईपर्यंत पंप चालू, मग व्हेंट बंद करून प्रेशर धरून ठेवायचं. २० च्या २० केबल मी उभं राहून करून घेतल्या, शेवटची संपली तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजलेले.

पुढे इलेक्ट्रिशियन आला पंख्यांचे हूक मारायला, ड्रिल मशीन घेऊन सरळ बीमच्या तळाला. नशिबाने मी तिथे होतो. त्याचा काय दोष, त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. पंखे सगळे स्लॅबला घेतले, आणि प्रत्येक बीमच्या दोन्ही बाजूंना केबल जिथून जाते तिथे ड्रॉइंग बघून लाल ऑइल पेंटने रेषा मारली, टोकाला वर, मध्याला खाली. एक ड्रॉइंग लॅमिनेट करून समितीच्या कपाटात ठेवलंय. गेल्या वर्षी जत्रेआधी हॉलला रंग काढला तेव्हा पेंटरने त्या रेषा झाकून टाकल्या, तर सेक्रेटरींनी त्याला थांबवून कपाटातलं ड्रॉइंग काढलं आणि परत मारून घेतल्या, मला फोन करून फक्त एवढंच विचारलं की मध्याला तळापासून १५० मिमीच ना.