गांडुळांनी वाट लावलेलं नेचं

जंगलातली झाडं बुरशीमार्फत एकमेकांशी बोलतात वगैरे व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिलेत, पण त्यात हिरो कायम मोठमोठी झाडं, फर्नकडे, म्हणजे नेच्यांकडे, कोणी ढुंकूनही बघत नाही. आणि मला विचाराल तर खरी भानगड तिथेच आहे.

बोट्रिकियम नावाचं नेचं घ्या. याला बिया नसतात, बीजाणू म्हणजे धुळीसारखे बारीक कण असतात. हा बीजाणू मातीत खाली, अंधारात गेला तरच रुजतो आणि तिथे बुरशी भेटली तरच पुढे वाढतो. त्यातून जी गाठ तयार होते ती मिलिमीटरभराची, बिनरंगी, क्लोरोफिल नावाला नाही, म्हणजे स्वतःचं अन्न बनवायची सोयच नाही, सगळं बुरशी आणून देणार. बरं, ही बुरशी तरी कुठून आणणार, तीही हिरव्या झाडांच्या मुळांतूनच साखर घेते, म्हणजे उधारीवर उधारी! त्याच गाठीवर पुढे खरं रोप धरतं, तेही आधी जमिनीखालीच वाढतं आणि पहिलं पान वर यायला काही वर्षं सहज जातात. मुळं बघाल तर जाडजूड, मूळरोम, म्हणजे पाणी शोषणारे मुळांवरचे बारीक केस, अजिबात नाहीत, ते काम बुरशीचे धागे करतात. पान आल्यावरही एखाद्या वर्षी वर यायचंच नाही असं चालतं. लायकोपोडियम या बीजाणूंवरच वाढणाऱ्या दुसऱ्या वनस्पतीच्या बऱ्याच जातींचं बालपणही असंच जमिनीखाली जातं. हॉर्सटेल ही तशीच बिनबियांची वनस्पती मात्र या बुरशीच्या भानगडीत फारशी पडत नाही.

ही मैत्री जुनी किती, तर स्कॉटलंडच्या रायनी इथल्या सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या दगडात अशा बुरशीचे जीवाश्म सापडलेत, आणि त्या वनस्पतींना तेव्हा धड मुळंसुद्धा नव्हती.

आणि एवढं टिकलेलं प्रकरण गांडुळं मोडतात. अमेरिकेत ग्रेट लेक्सजवळच्या शुगर मेपलच्या जंगलात बोट्रिकियम मॉर्मो नावाचं काही सेंटिमीटरचं नेचं आहे, कुजक्या पाल्याच्या जाड थरात राहणारं. हिमयुगानंतर तिथे गांडुळं नव्हतीच, आत्ताची बरीचशी युरोपातून आलेली, ती हा थर फस्त करतात आणि थर गेला की बुरशीसकट नेच्याचं घर गेलं. आपण शाळेपासून गांडूळ शेतकऱ्याचा मित्र म्हणून पाठ केलेलं, पण तिथे हिशोबच उलटा.

स्वतःहून गांडुळं वर्षाला काही मीटरच सरकतात, लांब नेतो तो माणूस, गाडीच्या टायरला चिकटलेल्या मातीतून नाहीतर गळाला लावायच्या आमिषातून. म्हणून तिथे मासे पकडणाऱ्यांना सांगतात, उरलेली गांडुळं काठावर सोडू नका, सरळ कचऱ्यात टाका.