17 इंचांचा घोळ: कॉलेजच्या बेसबॉल संघाचे पहिले नऊ आठवडे

आठवडा 1

संघ हातात आला तेव्हा चौदा मुलं, अकरा ग्लव्ह आणि एक कुलूपबंद पेटी मिळाली. किल्ली कोणाकडेच नव्हती. कुलूप तोडलं तर आत कॅचरच्या, म्हणजे बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्याच्या, शिनगार्डची (नडगीच्या पॅडची) एकच जोडी (एकीचा पट्टा बुटाच्या नाडीने बांधलेला) आणि मागच्या मोसमांच्या स्कोअरवह्या. खरा माल त्या वह्यांतच होता.

आधीचे प्रशिक्षक मोसमाच्या मधेच सोडून गेले. तेव्हापासून मुलं आपली आपणच सराव करतायत. सराव म्हणजे काय, तर रांग लावून बॅटिंग. मी वह्या घरी नेल्या आणि फक्त फुकट दिलेले बेस मोजले: वॉक (चार चुकीचे चेंडू पडले की बॅटरला मिळणारा पहिला बेस), बॅटरच्या अंगावर लागलेले चेंडू, एरर (फिल्डिंगमधल्या चुका), वाइल्ड पिच (पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, भलतीकडे टाकलेला चेंडू), पास्ड बॉल (कॅचरने सोडलेला चेंडू), चोरीला गेलेले बेस (हिट नसताना धावपटूने पळून गाठलेले). शेवटचा सामना 9-2 असा हरले होते. समोरच्यांचे हिट सहा, फुकटचे बेस एकवीस. हे भोक बॅटिंगने बुजणारं नव्हतं.

आठवडा 2

वह्यांतली एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. घरच्या मैदानावर वॉक जास्त, आणि बाहेर खेळायला गेलं की सुरुवातीच्या इनिंगमध्ये आमच्या पिचरचे चेंडू कॅचरच्या डोक्यावरून. शेवटी टेप घेऊनच मैदानात उतरलो. पिचरच्या रबरच्या (ज्याला पाय टेकून तो चेंडू टाकतो त्या पट्टीच्या) पुढच्या कडेपासून होम प्लेटच्या (बॅटर जिच्या बाजूला उभा राहतो त्या पाटीच्या) मागच्या टोकापर्यंत 60 फूट 6 इंच हवेत. आमचे भरले 61 फूट 11 इंच.

पुन्हा मोजलं. तेवढेच. फरक 17 इंच. होम प्लेट पुढच्या कडेपासून मागच्या टोकापर्यंत बरोबर 17 इंच असते! रबर बसवणाऱ्याने टेप प्लेटच्या पुढच्या कडेला धरली होती, बस.

"सर, म्हणजे आम्ही इतके दिवस लांबून टाकत होतो?" खांदा धरून बसलेला आमचा पहिल्या क्रमांकाचा पिचर. त्याच्या दंडात जोर नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. मला बोलायला काही सुचलं नाही. त्याला दहा दिवस विश्रांती दिली.

माऊंडचीही, म्हणजे पिचर उभा राहतो त्या मातीच्या उंचवट्याचीही, तीच गत. उंची 10 इंच हवी, आमची जेमतेम सहा, आणि पाय पडतो तिथे घमेलंभर खड्डा. रबर उपटून जागेवर बसवलं. त्याच्यापुढे 6 इंच सोडून उतार सुरू होतो, दर फुटाला एक इंच. फळी, सुतळी, पाणसळ आणि धुम्मस. दोन दिवस गेले. चिकणमाती थोडी थोडी ओली करून थरावर थर ठोका. एकदम ओतली की पहिल्याच सामन्यात ढेकळं निघतात. हे मी करून, चुकून शिकलोय.

आठवडे 3 आणि 4

फक्त झेल आणि फेक. मुलं कंटाळली, दोघं यायची बंद झाली (एक परत आला). बहुतेकांना पकडच माहीत नव्हती. हाताला येईल तसा चेंडू धरायचे, मग फेक वाकडी जाऊन पहिल्या बेसवाल्याला बेस सोडावा लागायचा. घोड्याच्या नालेसारख्या शिवणीवर बोटं आडवी ठेवायची, ही फोर-सीम पकड. ग्लव्हमधून चेंडू काढता काढता, न बघता ती सापडायला हवी. मी त्यांना बसल्या जागी, गप्पा मारतानाही तेच करायला लावतो.

आठवडा 5

बेस चोरीला जातात म्हणून सगळे कॅचरला बोल लावत. स्टॉपवॉच लावलं. कॅचरच्या ग्लव्हमधून दुसऱ्या बेसवरच्या ग्लव्हपर्यंत 2.1 सेकंद; या पातळीवर झकास. पिचर मात्र हालचाल सुरू केल्यापासून चेंडू कॅचरकडे पोचेपर्यंत 1.8 घेत होते. 1.3 च्या आसपास हवेत. चपळ धावपटू साडेतीन सेकंदांच्या आत-बाहेर पोचतो, म्हणजे कॅचरची फेक पोचण्याआधीच चोरी झालेली. दोघांना पाय कमी उचलून टाकणं जमलं. तिसऱ्याचा स्ट्राइकच (योग्य जागेतून जाणारा चेंडू) हरवला, तेव्हा त्याचा पाय मी त्याच्याकडेच ठेवला. आता तो चेंडू कधी लगेच टाकतो, कधी धरून ठेवतो. धावपटू अडकून राहतो.

आठवडा 7

सराव सामना. दोन आउट, तिसऱ्या बेसवर त्यांचा धावपटू. बॅटरने तिसरा स्ट्राइक हुकवला (एरवी तिसऱ्या स्ट्राइकला बॅटर आउट), चेंडू कॅचरच्या ग्लव्हखालून मागच्या जाळीपर्यंत. आमचे सगळे ग्लव्ह काखोटीला मारून बाहेर निघाले. बॅटरही क्षणभर उभाच. मग त्याच्या डगआउटमधून ओरडा झाला, तो पहिल्या बेसवर पोचला आणि तिसऱ्यावरचा होम प्लेटवर. रन मोजला गेला. तिसरा स्ट्राइक झेलला गेला नाही आणि पहिला बेस रिकामा असेल किंवा दोन आउट असतील, तर बॅटर पळू शकतो. हा नियम कोणाला माहीत होता, विचारलं. हात एकच वर आला, वही लिहिणाऱ्या मुलीचा. आता दर सरावाआधी दहा मिनिटं नियम तीच घेते आणि माझ्यापेक्षा कडक घेते.

आठवडा 9

काल 4-3 हरलो. फुकटचे बेस नऊ, त्यातले चार एकाच इनिंगमध्ये. त्या इनिंगमध्ये आउटफिल्डमधून आलेल्या दोन्ही फेका कटऑफवाल्याच्या (लांबची फेक मधेच झेलून पुढे पाठवणाऱ्याच्या) डोक्यावरून गेल्या. पुढचा आठवडा त्याचाच. खांदेवाला पिचर 45 चेंडू टाकून स्वतःहून म्हणाला, "सर, दुखत नाहीये." तरी काढला त्याला.

शिनगार्डला अजून नाडीच आहे.