भाद्रपदातली उचल

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारांवर वारली, कोकणा, ठाकूर कुटुंबे जी शेती करतात, तिच्याकडून घरची भाकरी निघावी एवढीच अपेक्षा असते. चैत्र-वैशाखात झाडांच्या फांद्या, पालापाचोळा आणि शेण यांचे थर रचून, वर माती पसरून राब भाजायचा, पहिल्या पावसात त्या जागेवर नागलीचे, म्हणजे नाचणीचे, रोप तयार करायचे आणि मग भर पावसात दिवसभर वाकून ते उतारावर लावायचे, असा हा क्रम आहे. वरकस जमिनीत मातीचा थर पातळ, म्हणून नागलीनंतर वरई, मग खुरासणी किंवा उडीद घेऊन ती काही वर्षे पडीक सोडण्याची रीत होती. भावाभावांत वाटण्या होऊन तुकडे लहान झाले, तेव्हापासून जमिनीला ती विश्रांती मिळेनाशी झाली.

शेतात सर्वांत जास्त राबण्याचे दिवस आणि कणगी रिकामी होण्याचे दिवस इथे एकच असतात, आणि माझ्या मते इथल्या गरिबीची गाठ नेमकी तिथे आहे. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळते आणि त्याचा मोठा आधार आहे, हे मान्यच केले पाहिजे. परंतु तेल-मिरची आणि तापाने फणफणलेल्या मुलाला दवाखान्यात नेण्याचे जीपभाडे यांना रोकडच लागते. ही रोकड गणपतीच्या सुमारास वीटभट्टीचा मुकादम उचल म्हणून, म्हणजे मजुरीतून पुढे वळती होणारी आगाऊ रक्कम म्हणून, देतो. पीक घरात आले, दिवाळी झाली की कुटुंब भिवंडी-वसईकडच्या भट्ट्यांवर जाते, शाळेत जाणारी मुलेही बरोबर जातात. तिथे मजुरी हजार विटांवर ठरते, नवरा-बायकोच्या नावावर मिळून एकच हिशेब मांडला जातो, आठवड्याला फक्त खर्ची, म्हणजे घरखर्चापुरते पैसे, मिळते आणि पावसाच्या तोंडावर उचल व खर्ची वजा करून जे उरते ते हातावर ठेवले जाते. काहीच उरले नाही, तर तीच बाकी पुढच्या हंगामावर चढते. उचलीपोटी माणसाला असे बांधून ठेवण्यावर १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने बंदी आहे.

सरकारला हे ठाऊक नाही असे नाही. पावसाळ्यातल्या याच अडचणीसाठी १९७८ साली खावटी कर्जाची योजना आली. २०२० मध्ये तिचे अनुदान झाले आणि कुटुंबामागे ४,००० रुपये, त्यातले निम्मे वस्तुरूपाने, मंजूर झाले. रक्कम तुटपुंजी आहेच, पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो महिना, कारण मुकादमाचे पैसे घेऊन झाल्यावर आलेली मदत त्या वर्षीचे स्थलांतर थांबवू शकत नाही. रोजगार हमीचेही तसेच आहे. गावातले काम कापणी संपताच सुरू व्हायला हवे आणि मजुरी पंधरवड्याच्या आत हातात पडायला हवी. भट्टीवर खर्ची दर आठवड्याला मिळते, आणि घर चालवणारी बाई निर्णय घेताना आधी तेच पाहते.