हॅसॉक्स ते लुइस: घोडवाट, सायकल आणि एक कुलूपबंद फाटक

लंडनहून रेल्वेने सायकल घेऊन दक्षिण इंग्लंडमधल्या हॅसॉक्सला उतरलो. (गर्दीच्या वेळी गाडीत सायकल घेत नाहीत, वेळ बघून निघा.) क्लेटनच्या जॅक आणि जिल या दोन पवनचक्क्यांपर्यंतचा चढ दम काढतो. वर साउथ डाउन्स वे ही लांब पल्ल्याची डोंगरवाट लागली की थेट लुइसच्या दिशेने डोंगरधार.

इंग्लंडमध्ये वाटेच्या खुणेवरचा निळा बाण म्हणजे ब्रायडलवे, घोडवाट. १९६८ पासून तिच्यावर सायकललाही मुभा आहे, पण घोडा किंवा पायी माणूस समोर आला तर आपण थांबायचं. पिवळा बाण फक्त चालणाऱ्यांचा.

डिचलिंग बीकन (२४८ मीटर) ओलांडून एका आडवाटेला वळलो आणि फाटक आडवं आलं. नवी कोरी साखळी, 'खासगी' अशी पाटी. फाटकाखालची माती मात्र खुरांनी खोल चेपलेली. नकाशावर तिथे सार्वजनिक वाटेची हिरवी तुटक रेघ नव्हती. मागून आलेल्या घोडेस्वार बाई म्हणाल्या, "लहानपणापासून इथूनच जाते. आता काउंटीकडे वापराच्या साक्षीचा फॉर्म भरलाय." (काउंटी म्हणजे इथलं जिल्हा प्रशासन.)

इथल्या १९८० च्या हायवेज ॲक्टचं कलम ३१ म्हणजे आपली वहिवाटच. जबरदस्ती न करता, न लपता, परवानगी न मागता लोकांनी सलग २० वर्षं वाट वापरली तर ती सार्वजनिक धरतात. मालकाला ती तशी द्यायची नव्हती असा पुरावा असेल तर नाही. पण अशाच वाटांबद्दलच्या गॉडमँचेस्टर खटल्याच्या २००७ च्या निकालानुसार मालकाने नुसतं मनात ठरवून भागत नाही, त्याचा नकार वापरणाऱ्यांपर्यंत पोचायला हवा. आणि ही २० वर्षं वाट अडली त्या दिवसापासून मागे मोजतात. म्हणून अशी पाटी दिसली की तारखेसह फोटो काढाच. आमच्या गावची पाणंद अडवली गेली तेव्हा मामलेदार कोर्ट कायद्यातली सहा महिन्यांची मुदत आम्ही हुकवली. ती सल अजून आहे.

वापराच्या साक्षी कमी पडल्या तरी जुने कागद उपयोगी येतात. टाइद नकाशे (चर्चला द्यायच्या दशांश करासाठी केलेले), १९१० च्या जमीनकराचे नकाशे बघा. ईस्ट ससेक्सचं दफ्तर ब्रायटनजवळ 'द कीप'मध्ये आहे.

नोंद नसलेल्या वाटेवर फाटक चढून जाऊ नका. मीही मागे फिरलो. नोंदलेली वाट अडवलेली दिसली तर काउंटीला कळवा, ती मोकळी करून घेणं त्यांचं काम आहे. पाणी खालूनच भरून घ्या. पाऊस झाला असेल तर लुइसच्या उतारावर सायकल हातात धरून चाला, इथला डोंगर खडूच्या दगडाचा आहे आणि ओला खडू फार घसरतो.