अकरा दिवस पोकळ तारे

रात्री पावणेबाराला मी स्वतःच प्रकाशित केलेली माझी कादंबरी ऑनलाइन दुकानात दिसायला लागली. मुखपृष्ठ, त्याखाली माझं नाव आणि नावाखाली पाच पोकळ तारे, म्हणजे अजून एकाही वाचकाचा रिव्ह्यू नाही. सहा वर्षं लिहिलेली आणि चार वेळा मुळापासून बदललेली ही गोष्ट आता कुणीही उघडून वाचू शकत होतं. सकाळी डोळे उघडल्याबरोबर मी पुन्हा ते पान पाहिलं. तारे पोकळच. दुसऱ्या दिवशीही पोकळ, तिसऱ्या दिवशीही. असे अकरा दिवस गेले.

या अकरा दिवसांत कुणी वाचत नव्हतं असं मात्र नाही. चौतीस प्रती गेल्या होत्या. फोन येत होते. कुणी म्हणालं, एका बैठकीत संपवली. एक जुनी सहकारी नायिकेच्या आईबद्दल अर्धा तास बोलली. माझ्या आईशी मी कधी जे बोलले नाही ते तुझ्या पुस्तकात सापडलं, असं म्हणताना तिचा आवाज कापरा झाला. तो फोन मी जन्मभर विसरणार नाही. पण पुस्तकाच्या पानापाशी येऊन थांबलेल्या अनोळखी माणसाला त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. त्याला दिसत होते ते पाच पोकळ तारे आणि एक नाव, जे त्यानं आधी कधी ऐकलेलं नव्हतं.

ही अडचण किती मूलभूत आहे ते मला तेव्हा कळलं. प्रकाशकाच्या नावाचा वाचकाला एक साधा उपयोग असतो: आपल्याआधी कुणीतरी हे वाचलंय आणि त्यावर स्वतःचे पैसे लावलेत, एवढं त्याला कळतं. २००७ मध्ये अ‍ॅमेझॉननं किंडल हे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र आणलं, तेव्हाच लेखकाला आपलं पुस्तक थेट चढवण्याची सोयही दिली. आज तिला आपण केडीपी (किंडल डायरेक्ट पब्लिशिंग) म्हणतो. डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांचं दालन उघडलं. माझ्यासारखीच्या दृष्टीनं हे दार उघडणं फार मोठं होतं, आणि त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे. पण दारातून आत आलेल्या पुस्तकाबद्दल ‘मी हे वाचलंय’ असं सांगणारं तिथे कुणी उभं नसतं. ती जागा रिकामी असते. ती पहिल्या दहा-पंधरा वाचकांनीच भरायची असते.

बाराव्या दिवशी पहिला रिव्ह्यू आला. तीन तारे. लिहिणारा पूर्ण अनोळखी. चार वाक्यं होती: मधली साठेक पानं रेंगाळतात. मोजणीच्या कामाचं वर्णन खरं वाटतं. विहिरीचं प्रकरण रात्री वाचलं आणि उठून बसलो. शेवट पटला नाही, पण दोन दिवस डोक्यातून गेला नाही.

तीन तारे पाहून आधी पोटात गोळा आला, हे खरं. मग ती चार वाक्यं पुन्हा वाचली, परत वाचली. या माणसानं माझं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं. माझी नायिका जमिनीची मोजणी करते; तिच्या कामाकडे त्याचं लक्ष गेलं होतं. विहिरीचं प्रकरण लिहायला मला पाच महिने लागले होते, आणि कुठल्याशा घरात एक माणूस ते वाचून अंथरुणात उठून बसला होता. याहून जास्त मला काय हवं होतं? पुढे कळलं की गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावर तर तीन ताऱ्यांचा अर्थच ‘आवडलं’ असा दिलेला आहे. दोन म्हणजे ‘ठीक’, चार म्हणजे ‘खूप आवडलं’ आणि पाच म्हणजे ‘अप्रतिम’. आपण मात्र तीनला नापास समजतो.

त्यानंतर एका बाईंनी मला लिहिलं की विहिरीबद्दलचं ते वाक्य वाचून त्यांनी पुस्तक घेतलं. मग आणखी एकानं तेच सांगितलं. फोनवरच्या सगळ्या कौतुकानं मिळून जे केलं नव्हतं, ते त्या तीन ताऱ्यांनी केलं. ‘उत्कृष्ट कादंबरी, अवश्य वाचा’ या शब्दांत वाचकाला पकडायला काहीच नसतं. विहिरीचं प्रकरण म्हटलं की कुतूहल जागं होतं.

आता धाकट्या बहिणीची गोष्ट. ती पहिल्याच आठवड्यात म्हणाली, “ताई, मी टाकते ना पाच तारे. आमच्या घरातले चौघंही टाकतील.” मी नको म्हटलं. ती रुसली. “मी खरंच वाचली गं. दोनदा वाचली. मला आवडली हे सांगायलाही बंदी?” मला उत्तर सुचलं नाही. तिनं शेवटी टाकलाच रिव्ह्यू. सुंदर लिहिला होता, एका वाक्यात मला रडू आलं. चार दिवसांनी तो पानावरून नाहीसा झाला. तिला फार लागलं ते. आपण खोटं बोललो असं कुणीतरी म्हणतंय, असं तिला वाटलं. मी तिची समजूत काढली, पण नियम चूक आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही. लेखकाच्या घरच्यांनी आणि जवळच्या मित्रांनी रिव्ह्यू लिहू नये हे अ‍ॅमेझॉनच्या नियमांत स्पष्टच आहे. दोन लेखकांनी ‘तू माझा लिही, मी तुझा लिहितो’ करणंही तिथे चालत नाही. बहिणीचं प्रेम खरं असतं, पण ते माझ्यावरचं असतं. पुस्तक विकत घेणाऱ्याला माझ्याशी काही देणंघेणं नाही, त्याला पुस्तकाबद्दल कळायला हवं.

हा मोह जुना आहे. अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमननं १८५५ मध्ये आपला कवितासंग्रह स्वतःच छापून घेतला, त्यातल्या काही मजकुराचे खिळेही स्वतः जुळवले आणि मग त्याच संग्रहाची परीक्षणं निनावी लिहून छापून आणली. त्याच वर्षी इमर्सन या नामवंत लेखकानं संग्रह वाचून त्याला एक पत्र लिहिलं. त्यातली एक ओळ व्हिटमननं पुढच्या वर्षीच्या आवृत्तीच्या कण्यावर सोनेरी अक्षरांत छापली, तीही इमर्सनला न विचारता. ते विचारायला हवं होतं, हे माझं ठाम मत. पण एका खऱ्या वाचकाच्या ओळीची त्याला किती भूक होती ते मला आतून समजतं. २००४ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या कॅनडातल्या संकेतस्थळावर काही दिवस निनावी रिव्ह्यू लिहिणाऱ्यांची खरी नावं उघडी पडली, तेव्हा त्यातले काही जण स्वतःच्याच पुस्तकांचं कौतुक करणारे लेखक निघाले. म्हणजे दीडशे वर्षांनंतरही भूक तीच होती.

मलाही एक मेल आली होती: पन्नास रिव्ह्यू, सगळे पाच ताऱ्यांचे, आठवड्याभरात. मी ती लगेच पुसली. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून असे खोटे रिव्ह्यू विकणं आणि विकत घेणं या दोन्हींवर बंदी घालणारा फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेचा नियम लागू झालाय. पण माझं कारण कायद्याचं नव्हतं. त्या विहिरीवाल्या माणसाच्या चार वाक्यांशेजारी विकतची पन्नास वाक्यं बसली, तर त्याचं खरं बोलणं त्यांत बुडून गेलं असतं. ते मला सहन झालं नसतं.

मग मी काय केलं? प्रकाशनाआधी जे करायला हवं होतं ते उशिरा केलं. असं लेखन आवडीनं वाचणारे पंचवीस अनोळखी वाचक शोधले आणि प्रत्येकाला वेगळी मेल लिहून पुस्तकाची फाइल पाठवली. वाचलंत तर आनंद, लिहिलंत तर अधिक आनंद. काय लिहावं आणि लिहावं की नाही हे सर्वस्वी तुमच्यावर, आणि प्रत मोफत मिळाली हे रिव्ह्यूत जरूर सांगा, एवढंच त्यात होतं. मोफत प्रत देता येते, तिच्या बदल्यात रिव्ह्यूची अट घालता येत नाही. नऊ जणांनी लिहिलं. त्यातले दोन रिव्ह्यू टीकेचे होते आणि त्यातला एक माझ्या दृष्टीनं सगळ्यांत मोलाचा ठरला.

त्या वाचकानं लिहिलं होतं: नायिका डोंगरात हिंडते, मग मध्येच तिच्या पायाखाली दर्या कुठून येतो? मी चक्रावले. फाइल उघडली आणि हात कपाळाला गेला. माझा मूळ मजकूर जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला होता. तो युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणताना काही ठिकाणी ‘ऱ्य’चा ‘र्य’ झाला होता. मी लिहिलं होतं, ‘तिनं त्या दऱ्या पायांनी ओळखल्या होत्या.’ छापलं गेलं होतं, ‘तिनं त्या दर्या पायांनी ओळखल्या होत्या.’ दोन प्रुफं वाचली होती मी. डोळ्यांना जे अपेक्षित होतं तेच दिसत राहिलं. मग सगळी फाइल ‘र्य’ शोधत वाचून काढली. अशी एकोणीस ठिकाणं सापडली. ‘तऱ्हा’ची ‘तर्हा’ झाली होती ती वेगळीच. दुरुस्त फाइल चढवली आणि त्या वाचकाला आभाराचं पत्र लिहिलं. जुन्या फाँटमधून मजकूर आणणाऱ्या प्रत्येक लेखकाला माझं कळकळीचं सांगणं आहे: हे जोडाक्षर एकेक करून तपासा.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावरचा मजकूरही तेव्हाच बदलला. आधी तिथे अर्धं पान विनवणी होती: स्वतंत्र लेखकाची धडपड, आपल्या पाठिंब्याची गरज वगैरे. गोष्ट संपवून अजून त्या घरातच असलेल्या वाचकापुढे मी हात पसरला होता. आता तिथे तीन ओळी आहेत: ‘इथवर सोबत केलीत, आभार. या पुस्तकातलं जे लक्षात राहिलं, आवडलेलं किंवा न आवडलेलं, ते दोन वाक्यांत लिहिलंत तर पुढच्या वाचकाला निवड करता येईल. मीही ते वाचेन.’ त्यानंतर रिव्ह्यू जरा जास्त यायला लागले. मुख्य म्हणजे त्यांत पुस्तकातल्या गोष्टींची नावं यायला लागली.

रिव्ह्यूला उत्तर देत नाही. एकदा एक तारा देणाऱ्या एका रिव्ह्यूवर सविस्तर उत्तर टाइप केलं होतं, रात्रभर तसंच ठेवलं आणि सकाळी पुसलं. वाचकांनी आपापसांत बोलण्याच्या त्या जागेत लेखक येऊन बसला, की सगळे गप्प होतात. (सरासरीही आता मोजत नाही. अ‍ॅमेझॉनवर दिसणारा आकडा ताऱ्यांची साधी सरासरी नसतोच. रिव्ह्यू किती ताजा आहे, खरेदी झालेली आहे का, अशा गोष्टीही त्यात धरतात.)

या सगळ्यानं माझी वाचक म्हणून सवय मात्र पार बदलली. चाळीस वर्षं मी पुस्तकं वाचत आले आणि एकाही लेखकाला कधी दोन ओळी लिहिल्या नव्हत्या. मला काय कळतं त्यातलं, असं वाटायचं. त्या विहिरीवाल्या माणसानं स्वतःला समीक्षक समजून लिहिलं नव्हतं; तो अंथरुणात उठून बसला होता एवढंच त्यानं सांगितलं. तेवढं मलाही सांगता येतं. आता दर महिन्याला स्वतः प्रकाशित केलेलं, रिव्ह्यू नसलेलं एक तरी पुस्तक विकत घेते. लेखकाला कळवत नाही. वाचताना जिथे थांबले ते पान वहीत टिपून ठेवते. मग लिहिते: कुठे थांबले, कुठे कंटाळले, कुणाला हे आवडेल आणि कुणाला नाही. ‘कुणाला नाही’ हे मुद्दाम लिहिते, कारण रक्तरंजित वर्णनं न सोसणाऱ्या माणसानं रहस्यकथा घेतली तर नुकसान दोघांचं. शेवट फोडत नाही. शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या आणि लेखकाचा पत्ता पुस्तकात असला, तर यादी त्याला थेट पाठवते. पुस्तकच मला झेपलं नाही, तर काहीच लिहीत नाही. अर्धवट वाचून तारे देणं मला पटत नाही.

या महिन्याचं पुस्तक काल रात्री संपलं. पहिलीच कादंबरी, लेखक बहुधा तरुण, पानावर पाच पोकळ तारे. भाषा अधूनमधून अडखळते आणि दोन पात्रं एकाच आवाजात बोलतात. पण आजोबा आणि नातू बिघडलेला रेडिओ उघडून बसतात तो प्रसंग मी तीनदा वाचला. वहीत पहिलं वाक्य लिहून झालंय: ‘एकशे बाराव्या पानावर आजोबा नातवाला विचारतात, आता हा गप्प का झाला ते तुला ऐकू येतंय का, आणि तिथून पुढे मी पुस्तक खाली ठेवलं नाही.’ पुढची तीन वाक्यं आज दुपारी लिहून ते पानावर टाकते.