तुम्ही विचारलंत म्हणून: मी घोड्यांकडे का जाते

ड्युटीवरच्या सिस्टरांनी विचारून झालं, नणंदेने विचारून झालं, परवा लग्नात एका डॉक्टरांनीही विचारलं. "तू आयसीयूतली नर्स. सायन्स शिकलेली. सुट्टीच्या दिवशी घोड्यांकडे कसली जातेस? घोड्यावर बसून मन बरं होतं का?" दर वेळी "बरं वाटतं" एवढं म्हणून मी विषय बदलते. आज नीट सांगते.

मी घोड्यावर बसत नाही. आमच्याकडे कुणीच बसत नाही. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेल्या मुलांना घोड्यावर बसवतात, कारण घोडा चालताना बसणाऱ्याची कंबर जवळजवळ माणसाच्या चालीसारखी हलते. तो फिजिओथेरपीतला वेगळा प्रकार. मी जाते तिथे एक समुपदेशक ताई असतात, मोतद्दार काका असतात आणि घोडे बहुतेक वेळ मोकळे असतात. खरारा करायचा, दोरी धरून चालवायचं, कधी नुसतं कुंपणाशी उभं राहायचं. मधेच ताई विचारतात, "आत्ता ती का थांबली असेल?" घोडीबद्दल सांगता सांगता माणूस स्वतःबद्दल बोलायला लागतो. गोळ्याही चालू आहेत. मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्या घोड्यांच्या भरवशावर कुणी सोडू नयेत.

पुरावा कुठे आहे, असंही विचारता. पुरावा कच्चा आहे, मान्य. मानसिक आजारांवर घोड्यांच्या साथीने होणाऱ्या उपचारांचे जे अभ्यास झाले होते, त्यांचा २०१४ साली आढावा घेतला गेला, तेव्हा संशोधकांनी स्पष्ट लिहिलं की हे उपचार म्हणून लोकांपुढे मांडावेत इतका आधार नाही. पुढे २०२१ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने पीटीएसडी (भयंकर अनुभवानंतर मनात राहून जाणारा आघात) असलेल्या माजी सैनिकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. लक्षणं कमी झाली होती, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. मी वाचलंय सगळं. वाचूनच जाते.

त्या डॉक्टरांनी मला हान्सची गोष्ट ऐकवली. बर्लिनमधला हान्स नावाचा घोडा टापा आपटून गणितं सोडवायचा. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं की त्याला गणित येत नव्हतं. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं किंवा तो घोड्याला दिसत नसला, की हान्स चुकायचा. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि हान्स तिथे थांबायचा. डॉक्टरांनी ही फसगतीची गोष्ट म्हणून सांगितली. मला तीच माझ्या बाजूची वाटते. समोरच्या माणसाला स्वतःलाही न कळलेली हालचाल त्या जनावराला दिसत होती! २०१६ मध्ये ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी घोड्यांना माणसांचे फोटो दाखवले, तेव्हा रागीट चेहऱ्यांपुढे घोड्यांच्या हृदयाचे ठोके लवकर वाढले. भक्ष्य म्हणून जगत आलेल्या प्राण्याला समोरचा किती ताणलेला आहे हे ओळखावंच लागतं.

मला हेच हवं होतं. कारण बंद खोलीतल्या समुपदेशनात मी छान बोलायचे. शिफ्ट संपताना हँडओव्हर देतात तसं: अमुक वाजता अमुक झालं, नंतर स्थिर. समोरच्या बाई मान डोलवायच्या. मैनासमोर तो आवाज चालत नव्हता. ती वरातीतून आलेली घोडी, बँड आणि दिव्यांनी धसकलेली. मी वॉर्डातला चेहरा घेऊन गेले की ती दोन पावलं मागे सरायची.

काकांनी मला तिच्या जबड्याखालची नाडी बघायला शिकवलं. मिनिटाला पस्तीसच्या आसपास. माणसाची एवढी असती तर आमच्याकडे मॉनिटर ओरडला असता. निरोगी घोड्याची तेवढीच असते. बोटांखाली इतकी संथ नाडी लागूनही धावाधाव करायची नाही, हे माझ्या हाताला कळायला फार वेळ लागला.

मग ती संध्याकाळ. मैना सारखी लोळत होती, पोटाकडे वळून बघत होती. नाडी ऐंशीच्या वर. मी हिरडी दाबून पाहिली. माणसाचं नख दाबून बघतो तसंच, रंग दोन सेकंदांत परत यायला हवा. येत नव्हता. घोड्याला उलटी होत नाही, म्हणून पशुवैद्यांनी नाकातून नळी घालून पोट मोकळं करायचा प्रयत्न केला, इंजेक्शनं दिली. आम्ही आळीपाळीने तिला चालवलं. रात्री ते म्हणाले, आतड्याला पीळ पडलाय, ऑपरेशनपर्यंत ही टिकणार नाही. शेवटचं इंजेक्शन देताना माझी बोटं तिच्या जबड्याखालीच होती.

मी सवयीने चादर शोधायला लागले. काका म्हणाले, "सिस्टर, झाकू नका. जोडीदाराला बघू दे. नाहीतर रात्रभर हाका मारत फिरंल." ते तिच्याबरोबर चरणाऱ्या घोड्याला घेऊन आले. त्याने तोंड हुंगलं, मान हुंगली, पुढच्या पायाने तिला एकदा हलवून पाहिलं. बराच वेळ उभा राहिला. मग आपणहून बाजूला झाला.

एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या लाटेत, वॉर्डात गेलेल्या पेशंटच्या घरच्या एका बाईंनी मला फोनवर विचारलं होतं, "चेहरा झाकलाय का हो?" मी "हो" म्हणाले होते. नियमच तसा होता, आणि त्या पुढे काहीच बोलल्या नाहीत. त्या रात्री पागेत मी त्यांचा प्रश्न मोठ्याने म्हटला आणि मग थांबता येईना. ताई शेजारी बसून होत्या. काका लीद भरत होते, तेही थांबले नाहीत, आणि ते मला बरं वाटलं.

माझ्यातली जुनी नर्स म्हणते, यात घोड्याचं काय? गोठ्यातली गाय गेली असती तरी तू रडली असतीस. असेलही. पण गायीपाशी उभं राहायला मला कुणी आणलं नव्हतं, आणि मैनापाशी मी कित्येक महिने तोंड उघडायचा सराव करत होते. ती नर्स म्हणते, हा योगायोग, याला उपचार म्हणू नकोस. यावर माझ्याकडे उत्तर नाही. आमचं दुःख रोज अंगावर घेऊन घोड्यांना काय होतं, याचंही नाही. तिथे घोड्याला नको असेल तर तो निघून जाऊ शकतो, एवढं मी बघितलंय. जिथे त्याला तसं जाता येत नाही, तिथे मी जाणार नाही.

नणंदबाई, तुम्ही "मला नेशील का" म्हणालात. नेईन. आधी डॉक्टरांना दाखवू, मग जाऊ. झोप मला अजून तुटकच लागते, हेही ऐकून ठेवा.