टबातली पाणवेल

नाशकात गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, ती गंगा. आमची आई बुधवारच्या बाजारात भाजी आणायला निघाली तरी 'गंगेवर जाऊन येते' म्हणते. त्या गंगेतून, आनंदवलीजवळून, मी एकदा पाणवेलीचं एक रोप उचलून आणलं. पुण्याकडे तिला जलपर्णी म्हणतात.

कारण अर्थातच फूल. फिकट जांभळ्या सहा पाकळ्या, आणि फक्त वरच्या पाकळीवर निळ्या वलयात पिवळा ठिपका. थेट मोरपिसाचा डोळा! देठाचा फुगीर गोळा चिमटीत दाबला की फुसकतो. आत पाणी नाहीच, नुसत्या हवेच्या बारीक कोठड्या. बिनभाड्याची नाव.

गॅलरीतल्या टबात आधीपासून चार गप्पी मासे आणि रिबिनीसारख्या लांब पानांचं वॅलिस्नेरिया होतं. हे वॅलिस्नेरिया भारी लाजाळू प्रकरण. नरफुलं तळाशी सुटतात, तरंगत वर येतात, आणि लांब देठावरून वर आलेल्या मादीफुलाला जाऊन भिडतात. काम झालं की तो देठ स्प्रिंगसारखा गुंडाळून फूल पुन्हा पाण्याखाली. मी हे अजून प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, आणि आता टबात पाहायला मिळणारही नाही.

पाणवेलीने आडवे धुमारे सोडले, प्रत्येकाच्या टोकाला नवं रोप. दीड-दोन महिन्यांत पाणी दिसेनासं झालं. मग मासे सकाळी सकाळी वर येऊन तोंडं उघडायला लागले. टबात एवढी हिरवाई, मग हवा कमी कशी? तर तरंगत्या पानांचा ऑक्सिजन वर हवेत जातो. पाण्यात तो सोडायचं वॅलिस्नेरिया, पण त्याला ऊन मिळेना. ते खालीच पिवळं पडून कुजायला लागलं. आणि कुजायलाही ऑक्सिजन लागतोच.

"एवढी फोफावली कशी ही?" मी म्हटलं.

"मी रोज तांदळाचं धुवण घालते की तिला," आई कौतुकाने म्हणाली.

म्हणजे गंगेत जे शहरभर चालतं, ते आमच्या गॅलरीत आई एकटी करत होती. सांडपाण्यातलं नत्र नि स्फुरद म्हणजे पाणवेलीला पंचपक्वान्न.

"मग सोडून ये गंगेत. तिथलीच आहे ना?"

तिथली कसली! मूळची दक्षिण अमेरिकेची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेसाठी भारतात आणली. म्हणजे फुलावर भाळून उचलून आणणारा मी पहिला नाही, एवढाच काय तो दिलासा. रोपं गच्चीवर कडकडीत वाळवली आणि खताच्या ड्रममध्ये टाकली.

पहिला मोठा पूर आला तेव्हा होळकर पुलावर गर्दी होती. गढूळ पाण्यावरून हिरवे तांडे झपाझप चालले होते. "गेली एकदाची ब्याद," शेजारचे काका म्हणाले. गेली म्हणजे निफाडकडे गेली. पुढे नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आहे, २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालेला. पाणवेल तिथे अडकते, आणि कमळपक्षी आपली लांबलचक बोटं पसरून तिच्यावरूनही ऐटीत चालतो. त्याला कुठलं पान देशी नि कुठलं परदेशी, याच्याशी कर्तव्य नाही.

परवा आई तांदूळ धुऊन पातेलं घेऊन गॅलरीत आली. टब रिकामा.

"आता हे कुठे ओतू?"

मी सवयीने मोरीकडे हात केला. मग घाईघाईने जास्वंदीकडे.